गाडीवरून तुमचं नाव काढलं

प्रिय अण्णा,

आज सकाळी मी गाडीवरून तुमचं नाव काढलं. चार स्क्रू होते, चारही पटकन सुटले. गावात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत फिरेल आणि जो तो आपल्या पद्धतीनं सांगेल. तुम्हाला ती आधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला आता कुणाकडूनच काही कळायचं नाही, हे मला कळतं. शिकलेली आहे मी! पण काढण्याआधी तुम्हाला विचारता आलं नाही, निदान काढल्यावर तरी सांगावं, असं वाटलं.

दुपारचे तीन वाजलेत. गाडी लिंबाखाली उभी आहे. माय आत पडली आहे, पण झोपलेली नाही. तिच्या हातातल्या पंख्याचा आवाज येतोय.

ते नाव लागलं कसं, तेही तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधीच्या आठवड्यात मायनं एकदम सांगितलं, गाडीवर त्यांचं नाव टाकायचं. मी म्हटलं, मागच्या काचेवर टाकू, छान दिसेल. ती म्हणाली, "मागं नको. गाडी निघून गेल्यावर नाव दिसून काय करायचं? येतानीच दिसाया पायजे, कोन यायलंय ते."

मी वाद घातला नाही. वीस वर्षं तुम्ही परभणीत डॉक्टरसाहेबांची गाडी चालवलीत. पुढे बंपरच्या कडेला त्यांच्या नावाची लहानशी पाटी होती. लोक ती पाहून लांबूनच बाजूला व्हायचे, नमस्कार करायचे, आणि तो नमस्कार तुमच्या डोक्यावरून मागच्या सीटवर जायचा. साहेबांनी दवाखाना बंद केला आणि ती जुनी पांढरी गाडी आपल्या दारात आली, तेव्हा तुम्ही पहिलं काम काय केलंत? त्यांची पाटी सोडवली, पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांना परत नेऊन दिलीत. मग पुढची बाजू मोकळीच राहिली. माय किती वेळा म्हणाली, आता तुमचं नाव टाका. तुम्ही हसून विषय बदलायचात. का हसत होतात, ते एकदा तरी नीट सांगितलं असतंत तर!

पाटी आम्ही जिंतूरला करून घेतली. स्टीलचा पत्रा, समोरच्या जाळीएवढा रुंद. त्यावर निळ्या अक्षरांत 'स्मृतिशेष माणिकराव', आणि खाली धम्मचक्र. जिवंतपणी तुम्हाला राव कुणी म्हटलं नाही, ते पाटीवर मायनं लावून घेतलं. बसवल्यावर ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि मला म्हणाली, फाट्यापास्नं गाडी घेऊन ये, दिसतं का बघू. मायला वाचता येत नाही, पण 'मा' तेवढा ओळखता येतो. मी गाडी आणली. ती हात कपाळावर धरून बघत होती. नुसती मान हलवली, आणि घरात जाऊन सगळ्यांसाठी चहा ठेवला.

हिवाळा नीट गेला. मी आता जिंतूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं. रोज सकाळी जाताना गाडीत तीन मुली असतात. त्यांना कॉलेजला सोडते आणि येताना घेऊन येते. दोघी आपल्या वस्तीतल्या, तिसरी बालाजीकाकांची शीतल. सकाळची एसटी पहिला तास बुडवूनच पोचते, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? तीन वर्षं तुम्ही मला त्यापायीच तर सोडायला यायचात. बालाजीकाकांनी आपल्या वस्तीतल्या गाडीत लेकीला बसवणं ही साधी गोष्ट नव्हती. मी दोनदा त्यांच्या ओसरीपर्यंत जाऊन आले. दुसऱ्या वेळी त्यांनी बसायला सांगितलं आणि म्हणाले, माणिकची पोरगी हायेस म्हणून पाठवायलोय.

मार्च आला आणि गाडी तापायला लागली.

पहिल्यांदा झालं ते चारठाण्याच्या पुढे. काटा वर वर गेला, लाल पट्ट्यात शिरला, आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मुली घाबरून खाली उतरल्या. आणि मी? मला बॉनेट उघडायची खटकी सापडेना! चार वर्षं गाडी चालवतेय अण्णा, आणि खटकी सापडेना. तुम्ही मला क्लच शिकवलात, चढावर गाडी धरायला शिकवलीत, रिव्हर्स तर असा शिकवलात की गावातली पोरं बघत राहतात. पण बॉनेटला हात लावू दिला नाहीत. "हात काळे करू नको, तुला डिग्री घ्यायची हाय," एवढंच म्हणायचात. डिग्री घेतली. हात काळे झाले असते तरी ती मिळाली असती, अण्णा.

मग सुरू झाल्या हमीदचाचांच्या गॅरेजच्या फेऱ्या. तुमचे दोस्त म्हणून मी दुसरीकडे गेलेच नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कसलं घातलंस? मी म्हटलं, बोअरचं. त्यांनी कपाळाला हात लावला. आपल्या बोअरच्या पाण्यानं माठाला पांढरा थर धरतो, तो रेडिएटरला धरणार नाही का? हे मी मुलांना शिकवते आणि गाडीत तेच पाणी ओतते! त्यांनी रेडिएटर उघडून आतून साफ केला. गॅरेजमध्ये तासभर गाडी चालू ठेवली, काटा मधोमध. बायपासवर चक्कर मारून आणली, काटा मधोमध. मी खूश होऊन घरी आले. चौथ्या दिवशी परत वाफ.

पाइप बदलला. थर्मोस्टॅट काढला. वॉटर पंप नवा टाकला. पंख्याची मोटर बदलली. प्रत्येक वेळी तेच, चाचांच्या दारात गाडी शहाण्यासारखी वागायची आणि आठवड्याच्या आत भर उन्हात, चौघी बसलेल्या असताना, रस्त्यावर मला खाली मान घालायला लावायची. सगळे म्हणाले, ऊनच एवढं आहे. कुणी म्हणाले, जुनी झाली, भंगारात द्या. शाळेतल्या एका बाईंनी तर सांगितलं, गाडीला मालकाची आठवण येते. मी विज्ञान शिकवणारी, पण खरं सांगू? त्या दिवशी घरी येताना मी गाडीला हळूच विचारून घेतलं, की बाई, तसं काही आहे का?

एकदा एक ट्रकवाला थांबला. बाहेरच्या जिल्ह्यातला असावा. मुलींना सुट्टी होती, मी एकटीच होते, बॉनेट उघडं होतं. त्यानं पाण्याचा कॅन दिला, समोर वाकून पाटी वाचली आणि विचारलं, "माणिकराव पानी आनाया गेले काय?" वरचा 'स्मृतिशेष' शब्द त्यानं वाचला नव्हता, की त्याचा अर्थ त्याला माहीत नव्हता, कोण जाणे. मला खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो, येतील आता." तो म्हणाला, बरं, ते आले की त्यांना सांगा, रेडिएटर गार झाल्याबिगर झाकन उघडू नका. आणि निघून गेला. मी तुमची वाट बघत असल्यासारखी उभी राहिले.

मे महिन्यात मुलींचे पेपर लागले. पहिला नीट गेला. दुसऱ्या पेपरला मी वेळेत पोचावं म्हणून जरा जोरात घेतली, आणि अर्ध्या वाटेत काटा लाल. एका टेम्पोला हात करून मुलींना पुढे पाठवलं. शीतल वर्गात शिरली तेव्हा पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला होता. ती रडत लिहीत राहिली, असं दुसऱ्या दोघींनी सांगितलं.

संध्याकाळी बालाजीकाका आपल्या दारात आले. आत आले नाहीत, लिंबाखाली उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, तुझ्या मनात खोट न्हाई, मला ठावं हाय. पर पोरगी टेम्पोत बसून गेली हे मला लोकांकडून कळलं. अजून एकदा गाडी बंद पडली तर बाकीचे पेपर ऱ्हाऊ दे. घरी बसंल ती. तिच्या आत्यानं स्थळबी सांगितलंय."

ते गेल्यावर मी आत जाऊन वही काढली. पुढच्या पेपरला मध्ये पाच दिवस होते. मला दुसरं काही येत नाही अण्णा, मला वहीच येते. गाडी केव्हा तापली, कुठं तापली, किती जण होते, वेग किती होता, हे सगळं आठवून लिहून काढलं. आणि लिहिता लिहिता दिसलं की एका जागी ती एकदाही तापलेली नाही.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन चाचांकडे गेले. गाडी आदल्या दिवशीच त्यांच्याकडे ओढून आणली होती, पुढचा भाग उघडा होता. मी विचारलं, "चाचा, तुमच्याकडं ती का तापत नाही?"

चाचा पाना पुसत राहिले. "हितं सावली हाय बेटी."

"आणि बायपासवर?"

त्यांनी वर फळीकडे पाहिलं. मीही पाहिलं. फळीवर, ऑइलच्या डब्यांपासून लांब, स्वच्छ पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेलं तुमचं नाव होतं.

समजलं का अण्णा? गाडीचं तोंड उघडायचं तर पाटी काढावी लागे. चाचा ती सगळ्यात आधी काढायचे. हात धुऊन काढायचे, जमिनीवर टेकू द्यायचे नाहीत, धुतलेल्या कपड्यात गुंडाळून फळीवर ठेवायचे. आणि लावायचे सगळ्यात शेवटी, सगळं काम झाल्यावर, बायपासची चक्कर झाल्यावर, मी गाडी न्यायला आल्यावर. त्यांच्या सगळ्या परीक्षा तुमच्या पाटीशिवाय झाल्या होत्या. आमच्या सगळ्या फेऱ्या पाटी लावून.

"फरक येवढाच हाय," चाचा म्हणाले. "हवा जायला जागाच न्हाई. महिना झाला, मला शक यायलाय."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माणिकचं नाव काढ म्हनू? तुझ्या मायला म्हनू?" त्यांनी पाना खाली ठेवला. "पंप बदलला, पंखा बदलला. म्हनलं, अल्ला, दुसरं कायतरी निघू दे."

मला त्यांचा राग आला होता. शीतलचा अर्धा तास गेला तो यांच्या गप्प बसण्यानं, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण तो फळीवरचा कपडा इतका पांढरा होता, की ते तोंडातच राहिलं.

आणि मग मला ते लग्न आठवलं. मी सातवीत असेन. मानवतकडची वरात होती, सुट्टी होती म्हणून तुम्ही मला सोबत घेतलं होतं. नवरदेवाकडच्यांनी गाडीच्या जाळीवर सुपाएवढा फुलांचा बदाम बांधला होता. निघायच्या आधी तुम्ही उतरलात आणि तो सोडायला लागलात. नवरदेवाचा मामा भडकला, "तू ड्रायव्हर हायेस का मालक?" तुम्ही शांतपणे म्हणालात, फुलं टपावर बांधा, बॉनेटवर बांधा, हितं गाडीचं नाक हाय. मामा फुगून बसला. मी मागच्या सीटवर लाजेनं एवढीशी झाले होते. आपल्या बापानं चारचौघांत कशाला वाद घालावा, असं वाटलं होतं.

मी ते वाक्य माझ्या कानांनी ऐकलं होतं, अण्णा. नंतर विज्ञानाची पदवी घेतली. वर्गात फळ्यावर रेडिएटरचं चित्र काढून बाण दाखवते, इकडून हवा आत, तिकडून बाहेर. आणि तुमच्याच नावानं गाडीचं नाक दाबून धरलं! म्हणून हसून विषय बदलत होतात का तुम्ही? पुढे काही लावायचं नाही, एवढं मायला सरळ का नाही सांगितलंत? तिला वाटत राहिलं, तुम्ही स्वतःला नाव लावण्याइतकं मोठं समजत नाही.

त्या दुपारी चाचा माझ्याशेजारी बसले. बारा वाजताच्या उन्हात आम्ही पाटीशिवाय फाट्यापर्यंत जाऊन आलो. काटा मधोमध. मग रस्त्याच्या कडेला थांबून चाचांनी पाटी लावली आणि तोच रस्ता परत धरला. बारा किलोमीटरच्या आत काटा चढायला लागला. आम्ही दोघांनी तो पाहिला आणि दोघेही खिडकीबाहेर बघायला लागलो.

मायला सांगणं सगळ्यात अवघड होतं. मी वही समोर ठेवली, जणू तिला वाचता येणार होती. तिनं ऐकून घेतलं. उठली, भाकरी टाकायला लागली. तिसऱ्या दिवशी विचारलं, बारीक करून लावता येत न्हाई का? मी हातानं दाखवलं, एवढी, कडेला. तिनं माझ्या दोन बोटांमधलं अंतर पाहिलं आणि म्हणाली, मग मला लांबून दिसायची न्हाई. मी शाळेत मुलींना मोठमोठ्या गोष्टी सांगते, अन्यायाबद्दल, हिमतीबद्दल. घरात एका बाईकडून तिच्या माणसाचं नाव मागताना मला एक धड वाक्य येईना.

आज सकाळी माय बाहेर आली तेव्हा मी गाडीत पाणी बघत होते. ती पाटीसमोर उभी राहिली. पदरानं 'मा' पुसला. मग विचारलं, "त्यांनी कुनाला अर्ध्या वाटंत उतरवलं व्हतं का कधी?"

मी म्हटलं, "नाही."

"मग काढ."

स्क्रू मी फिरवले, पाटी तिनं धरली. आता ती तिच्या उशाशी आहे. भिंतीवर तुमच्या फोटोखाली लावू म्हटलं तर म्हणाली, आत्ता न्हाई.

गाडी बरी झाली, अण्णा. ही बातमी सगळ्यात आधी ज्याला सांगावी असा माणूस मला दिवसभर सापडला नाही. चाचांना आधीच माहीत होती, मायला सांगण्यासारखी नव्हती. आणि एक गोष्ट कुणालाच सांगता येणार नाही, ती तुम्हाला सांगते. मी एकटी असताना गाडी तापून थांबायची, तेव्हा ती गार व्हायला अर्धा तास लागायचा. तो अर्धा तास मी तुमच्याशी बोलायचे. मोठ्यानं. रस्त्यावर कुणी नसायचं. शाळेतलं सांगायचे, माय रागावली ते सांगायचे, कधी तुम्हालाच रागवायचे. घरी मायसमोर मी असं बोलू शकत नाही, तिला वाटेल पोरगी खचली. शाळेत तर नाहीच. आता उद्यापासून गाडी थांबणार नाही. ती थांबू नये म्हणून मी तीन महिने धडपडले, आणि आज दुपारी तिची किल्ली हातात घेऊन किती वेळ नुसती बसून राहिले. हे पत्र त्या अर्ध्या तासांच्या जागी आहे, असं समजा.

मघाशी बालाजीकाकांना जाऊन सांगितलं, गाडी दुरुस्त झाली. ते म्हणाले, हे तू चार वेळा सांगितलंस. खरंच होतं ते. मी वही उघडून सगळं समजावलं. पाटीचं ऐकल्यावर त्यांनी वही हातात घेतली, दोन पानं उलटली. मग म्हणाले, "उद्या मीबी येतो. बघतो की, कशी जाती ती."

बालाजीकाका आजवर आपल्या गाडीत बसलेले नाहीत, अण्णा. तुमच्या हयातीत त्यांची म्हातारी दवाखान्यात न्यायची होती, तेव्हाही ते मागून मोटरसायकलवर आले होते. उद्या ते पुढच्या सीटवर बसणार आहेत. भीती वाटतेय मला. काट्याची नाही, सगळ्या वाटेत त्यांच्याशी काय बोलायचं त्याची.

तर शब्द देते. उद्या आणि त्यानंतरच्या दोन्ही पेपरांना शीतल घंटा व्हायच्या आधी बाकावर बसलेली असेल. निघण्याआधी बॉनेट मी स्वतः उघडेन, पाणी, ऑइल, पट्टा माझ्या हातानं बघेन, हात काळे झाले तर होऊ देत. गाडीच्या तोंडावर मी पुन्हा काहीही लावणार नाही. आणि वाटेत कुणी विचारलं, ही गाडी कुणाची, तर बालाजीकाका शेजारी बसलेले असतानाच काच खाली करून सांगेन, माणिकरावांची. राव लावून, समोरच्याला नीट ऐकू जाईल असं.

जय भीम, अण्णा.

तुमच्या शेजारी बसून गाडी शिकलेली,
प्रज्ञा